घोड्यांच्या बेटावर खायचं काय?

लाँच धक्क्याला लागते आणि सगळ्यात आधी नाकात शिरतो तो घोड्यांचा वास. लीद, घाम, ओलं गवत... थेट माथेरानच्या दस्तुरी नाक्याची आठवण यावी असा! चार पावलं पुढे गेलं की हवा पालटते. आता वास येतो तो उकळत्या साखरेचा, लोण्याचा आणि चॉकलेटचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मॅकिनॉ बेटाची हीच ओळख. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'सी' आहे म्हणून 'मॅकिनॅक' म्हणायला गेलात तर तिथली माणसं गालातल्या गालात हसतात. त्यांच्या लेखी हे 'मॅकिनॉ'च.

ह्यूरॉन सरोवरातलं हे बेट इवलंसं आहे. घेर जेमतेम १३ किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत इथली कायमची वस्ती भरली ५८३ माणसांची. मे महिना उजाडला की मात्र लाँचमागून लाँच येऊ लागते आणि ऑक्टोबरपर्यंत रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. डेट्रॉइट, ॲन आर्बर, शिकागो या भागात नोकरीला असलेली आपली मुलं उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना जी ठिकाणं दाखवतात, त्यांत हेही एक. डेट्रॉइटहून चार-साडेचार तास मोटारीने मॅकिनॉ सिटी, तिथून लाँचने पाऊण-एक नव्हे, अवघ्या वीसेक मिनिटांत बेट. सकाळी जाऊन रात्री मुक्कामाला परत यायचं, असा बेत सहसा असतो.

आणि दुपारी साडेबारा वाजता मुख्य रस्त्यावर उभं राहिल्यावर प्रश्न पडतो : खायचं काय? सून म्हणते पिझ्झा, नातवाला आइस्क्रीम हवं असतं, आई शाकाहारी, आणि बाबा मेन्यूकार्डावरच्या डॉलरला मनातल्या मनात रुपयांनी गुणत उभे! शेवटी समोर दिसेल त्या हॉटेलात शिरायचं, अर्धा तास रांगेत थांबायचं, सुकं सँडविच खाऊन शंभरावर डॉलर मोजायचे आणि परतीच्या लाँचमध्ये गप्प बसायचं. हे टाळता येतं. त्यासाठी या बेटाचं पोट कसं चालतं, ते थोडं समजून घ्यायला हवं.

मोटार नाही म्हणजे नाही

१८९८ साली, घोडे बिथरतात अशी घोडागाडीवाल्यांची तक्रार झाली म्हणून गावकऱ्यांनी मोटारीवर बंदी घातली. ती आजही कायम आहे. रुग्णवाहिका, आगीचा बंब असे अपवाद सोडले तर उन्हाळ्यात इथे चालतात ती माणसं, सायकली आणि पाचेकशे घोडे. प्रवासी घोडागाडीतून हिंडतो, आणि त्याच्या ताटात पडणारा बटाटाही घोडागाडीतूनच येतो! दूध, पीठ, टोमॅटो, बर्गरचे पाव, बिअरची पिंपं, टेबलावरच्या चादरी... सारं काही आधी बोटीने धक्क्यावर उतरतं आणि तिथून दोन-दोन दांडगे घोडे जुंपलेल्या मालगाड्यांवर चढून हॉटेलांच्या मागच्या दारी पोहोचतं. सकाळी लवकर गेलात तर हा सोहळा पाहायला मिळतो. पाहावाच.

मुख्य भूमीपेक्षा इथलं जेवण महाग का, याचं उत्तर त्या मालगाड्यांवर लिहिलेलं आहे. त्यात भर म्हणजे हॉटेलवाल्याला वर्षभराची कमाई पाच-सहा महिन्यांत करायची असते. वाढपी, आचारी, खोल्या आवरणाऱ्या बाया हीही माणसं बाहेरूनच आणावी लागतात. त्यांतले कितीतरी जण जमैकाचे. हंगामी कामाच्या व्हिसावर वसंतात यायचं आणि थंडी पडली की घरी जायचं, असा यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. व्हिसाला उशीर झाला तर टेबलं रिकामी असूनही गिऱ्हाईक दारात ताटकळतं, कारण वाढायला माणूस नसतो. तेव्हा वाढपी उशिरा आला म्हणून चिडण्याआधी जरा दमानं घ्यावं. बिलावर १५ ते २० टक्के टिप आणि ६ टक्के विक्रीकर वेगळा, हा हिशेब मात्र मेन्यू वाचतानाच करून ठेवावा. बाबांचा गुणाकार तिथेच चुकतो!

गोळीबंद पाकाचा तमाशा

लोणावळ्याला जाऊन चिक्की न घेता परत आलेला मराठी माणूस दाखवा! मॅकिनॉत चिक्कीची जागा फजने घेतली आहे. इथे येणाऱ्या प्रवाशांना स्थानिक लोक 'फजी' म्हणतात, यावरून काय ते ओळखा. मर्डिक कुटुंबाने १८८७ मध्ये इथे मिठाईचं दुकान थाटलं, तिथून ही परंपरा सुरू होते. आज मर्डिक, मे, रायबा, जोॲन अशी दुकानं एकाच रस्त्यावर एकमेकांना खेटून उभी आहेत.

पण खरी गंमत विकत घेण्यात नाही, बघण्यात आहे. साखर, लोणी, साय आणि चॉकलेट तांब्याच्या मोठ्या कढईत उकळतं. आपल्याकडे बर्फीसाठी पाक करताना थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहतात ना? फजचाही पाक नेमका तोच, गोळीबंद! तो जमला की दोघं मिळून कढई उचलतात आणि लखलखीत संगमरवरी ओट्यावर ओततात. मग लांब दांड्याची उलथनी घेऊन कारागीर त्या ओट्याभोवती फेऱ्या मारत राहतो. कडेचं मध्ये, मधलं कडेला. दगड थंड असल्याने पाक भराभर निवतो, आणि सतत हलवत राहिल्याने साखरेचे कण बारीक राहतात. फज रवाळ न होता मऊ का लागतं, त्याचं गुपित हे. शेवटी लांबलचक लोड तयार होतो आणि त्याचे जाड काप पडतात. सारा प्रकार दुकानाच्या काचेशी, रस्त्यावरच्या माणसांना दिसेल असा. जाहिरातीवर याहून शहाणा खर्च दुसरा नाही!

चव? कंदी पेढ्यावर वाढलेल्या जिभेला ती फार गोड वाटते, हे सांगून टाकायला हवं. एक काप म्हणजे साधारण पाव किलो ऐवज असतो आणि चौघांना तो पुरून उरतो. आधी चव मागा, दुकानदार आनंदाने देतो. साध्या चॉकलेटपेक्षा अक्रोडाचं किंवा आंबट चेरीचं फज आपल्याला जास्त रुचतं. चेरी इथलीच. अमेरिकेतल्या आंबट चेरीचं सर्वाधिक पीक मिशिगन राज्यातच येतं. शाकाहारी मंडळींनी मार्शमॅलो घातलेलं फज मात्र टाळावं, कारण मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं. आणि खरेदी करायची ती परतीच्या लाँचआधी. सकाळी घेतलेली खोकी दिवसभर उन्हात काखोटीला मारून हिंडणारे 'फजी' जागोजागी दिसतात, संध्याकाळी त्यांच्या पिशवीतून काय निघत असेल, ते न सांगितलेलं बरं.

फजच्याही आधी या बेटाची गोडी होती ती मेपलच्या साखरेची. इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे. पाण्यातून वर आलेल्या पाठीसारखं हे बेट त्यांना भल्यामोठ्या कासवासारखं दिसलं, आणि मॅकिनॉ हे नाव त्या कासवावरूनच आलं. वसंताच्या तोंडावर मेपलच्या झाडाला खाच पाडून रस काढायचा, तो आटवून साखर करायची आणि बर्चच्या सालीच्या डब्यांत भरायची, ही त्यांची कला. आपल्या गुऱ्हाळाचीच बहीण! एकोणिसाव्या शतकात बेटावर येणारे प्रवासी आठवण म्हणून या डब्याच घेऊन जात. दुकानात मेपलची साखर दिसली तर एखादी वडी जरूर घ्यावी. गुळाची सवय असलेल्या माणसाला फजपेक्षा ती लवकर आपलीशी वाटेल.

व्हाइटफिश : आज आहे, उद्या?

मासे खाणाऱ्याने इथे मागवायचा तो व्हाइटफिश. मॅकिनॉच्या आधीच्या पोटापाण्याचा हा साक्षीदार आहे. पहिल्यांदा इथे फरचा व्यापार होता, जॉन जेकब ॲस्टरच्या कंपनीचा. तो ओसरला तेव्हा मासेमारीने गाव जगवलं, आणि पर्यटक आले ते त्यानंतर. जुन्या पद्धतीत मेपलच्या फळीवर मासा ठेवून भोवती कुस्करलेल्या बटाट्याची नक्षी काढतात आणि फळीसकट भट्टीत घालतात. फळीवरूनच तो टेबलावर येतो. गोड्या पाण्यातला हा मासा मऊ आणि सौम्य असतो. सुरमई, पापलेट किंवा मालवणी तिखल्याची सवय असलेल्याला मिळमिळीत वाटेल. लिंबू आणि मिरपूड जास्त मागून घ्यावी, पण टोमॅटो सॉसमध्ये त्याला बुडवू नये. धुरावलेल्या व्हाइटफिशचं चीज घालून केलेलं वाटण बिस्किटांबरोबर देतात, ते मात्र मसालेदार जिभेलाही आवडून जातं.

हा मासा खाताना एक गोष्ट ठाऊक असावी. धक्क्यावर उभं राहून 'पाणी किती नितळ!' असं प्रत्येक जण म्हणतो. ते नितळ आहे हीच तर पंचाईत आहे. युरोपातून आलेल्या जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर १९८० च्या दशकात क्वागा नावाचे बोटाच्या पेराएवढे शिंपले या सरोवरांत आले. त्यांनी तळ व्यापला आणि पाण्यातलं सूक्ष्म जीवांचं खाद्य गाळून गट्ट केलं. पाणी काचेसारखं झालं, पण व्हाइटफिशच्या पिल्लांना खायलाच उरलं नाही. गेल्या वीसेक वर्षांत ह्यूरॉन आणि मिशिगन सरोवरांत हा मासा झपाट्याने घटला. उत्तरेच्या सुपिरियर सरोवरात शिंपल्यांना कवचासाठी लागणारं कॅल्शियम कमी, म्हणून तिथे तो अजून टिकून आहे. 'मासा कुठला?' असं वाढप्याला विचारायला संकोचू नये. चांगल्या हॉटेलात त्याचं सरळ उत्तर मिळतं.

पैसे कुठे खर्चायचे, कुठे वाचवायचे

दिवसभरात एकच जेवण थाटाचं करायचं ठरवलं तर दोन जागा आहेत. पहिली ग्रँड हॉटेल. रेल्वे आणि आगबोटीच्या कंपन्यांनी मिळून १८८७ मध्ये बांधलेलं हे पांढरंशुभ्र लाकडी हॉटेल. त्याचा व्हरांडा ६६० फूट लांब! १९७९ मध्ये क्रिस्तोफर रीव्ह आणि जेन सिमूर यांच्या 'समव्हेअर इन टाइम'चं चित्रीकरण इथेच झालं. आत नुसतं पाहायला जायचं तरी बाहेरच्यांना शुल्क पडतं, म्हणून जायचंच तर दुपारच्या बुफेला जावं. स्वस्त नाही, पण शाकाहारी माणसाची इथे सोय होते. काय आहे ते डोळ्यांनी दिसतं, विचारून घेता येतं, फळं, कोशिंबिरी, चीज, गोडाधोडावर पोट भरतं. शेवटी पेकान बॉल चुकवू नये. व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा पेकानच्या तुकड्यांत घोळवून वर गरम फजची धार! संध्याकाळी साडेसहानंतर या हॉटेलात पुरुषांना कोट-टाय सक्तीचा असतो. साडी नेसलेल्या आईचं काही अडत नाही. अडतं ते हाफ पँट घालून आलेल्या चिरंजीवांचं.

दुसरी जागा आहे मॅकिनॉच्या किल्ल्यातली टी-रूम. ब्रिटिशांनी १७८० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. त्यातल्या अधिकाऱ्यांच्या दगडी घरात आता उपाहारगृह चालतं. बाहेरच्या गच्चीवर बसलं की खाली बंदर, शिडाच्या होड्या आणि समोरच्या राउंड आयलंडचा दीपस्तंभ. सूप, सँडविच, केक असा साधा मेन्यू. किल्ल्याचं तिकीट काढावं लागतं, पण ते तर आपण काढणारच असतो. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर हीच जागा निवडावी. बुफेत भूक भागते, इथे डोळ्यांचीही भागते आणि पाकीट थोडं जड राहतं.

बाकीच्या खाण्यासाठी सरळ गाठावं ते डाउडचं दुकान. १८८४ पासून एकाच कुटुंबाने चालवलेलं हे वाणसामानाचं दुकान. अमेरिकेतलं असं सर्वांत जुनं दुकान आपलंच, असं ते सांगतात. पाव, चीज, फळं, दही, तयार सँडविच सारं मिळतं. ते घेऊन किल्ल्याखालच्या हिरवळीवर, मार्केटच्या पुतळ्याजवळ बसावं. (मार्केट म्हणजे बाजार नव्हे, हे सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्रीबाबांचं नाव!) जूनमध्ये इथे लायलॅकची झुडपं जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी लगडतात. घरून आणलेले मेथीचे ठेपले, दशम्या, दाण्याची चटणी काढायलाही ही उत्तम जागा. यात कमीपणा काही नाही, अमेरिकन कुटुंबंही शेजारीच डबे उघडून बसलेली असतात. फक्त सीगल पक्ष्यांवर नजर असू द्यावी. महाबळेश्वरची माकडं परवडली!

बेटाला वळसा घालणारा रस्ता सपाट आणि पाण्याच्या कडेकडेने जातो. सायकल येत असेल तर सोडू नये. वाटेत दुकानं नाहीत, पाण्याची बाटली हवीच. अर्ध्या वाटेवर, १८१२ च्या युद्धात ब्रिटिश सैन्य उतरलं त्या ब्रिटिश लँडिंगपाशी, कॅननबॉल नावाचं छोटंसं खाण्याचं ठिकाण आहे. त्याची ख्याती कशासाठी? तळलेल्या लोणच्यासाठी! म्हणजे खारवलेल्या काकडीच्या चकत्या पिठात बुडवून काढलेली भजीच. अमेरिकेत बेचव खाऊन कंटाळलेल्या मराठी माणसाला १३ किलोमीटरच्या मध्यावर आंबट, खारट, कुरकुरीत भजी मिळावी, यासारखं सुख नाही.

पेस्टी हा इथला आणखी एक पदार्थ. करंजीच्या आकाराची, पण तळहाताहून मोठी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून तांब्याच्या-लोखंडाच्या खाणींत कामाला आलेल्या मजुरांनी ती आणली. मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमासारखा कंद आत भरलेला. खाणीत डब्याचं काम हीच करायची. भाज्यांची पेस्टीही मिळते, पण वरच्या पारीत डुकराची चरबी असू शकते, विचारूनच घ्यावी. तसंच सूपचं. 'व्हेजिटेबल सूप' लिहिलेलं असलं तरी ते कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आणि बटाट्याच्या काचऱ्या मासे तळलेल्या तेलात तळलेल्या असू शकतात. 'मी व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही; मांस नाही, मासा नाही, चरबी नाही, असं फोड करून सांगावं लागतं.

रूट बिअर पिऊन झिंग येत नाही

आता पिण्याविषयी. मेन्यूकार्डावर 'रूट बिअर' आणि 'जिंजर एल' वाचून कित्येक आज्या दचकतात आणि नातवाच्या हातातला ग्लास काढून घेतात. त्यांनी निर्धास्त राहावं. दोन्हींत दारूचा थेंब नसतो. व्हर्नर्स नावाचं जिंजर एल १८६६ पासून डेट्रॉइटचं लाडकं. आल्याचा झणका असा की पहिल्या घोटाला शिंक येते! त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा टाकला की 'बोस्टन कूलर' तयार होतो.

खरोखरीचं पिणाऱ्यांची बेटावर चंगळ आहे. मिशिगनच्या कलामाझू गावची ओबेरॉन ही गव्हाची बिअर उन्हाळ्यात सगळीकडे दिसते. संध्याकाळची गर्दी असते ती चिपेवा हॉटेलातल्या पिंक पोनी या बारमध्ये. तिथल्या गच्चीवरून बंदर दिसतं. हॉर्न्स हा दुसरा जुना बार. शिकागोहून ३३३ मैलांची शिडाच्या होड्यांची शर्यत १८९८ पासून इथे येऊन संपते, दर जुलैत. त्या आठवड्यात आणि डेट्रॉइटकडून येणाऱ्या शर्यतीच्या वेळी खलाशी दिवसरात्र विजय साजरा करतात, हरलेलेही! आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर हे दिवस टाळावेत. नाहीतर बेटाच्या पूर्व टोकाला मिशन पॉइंटच्या हिरवळीवर लाकडी खुर्च्या टाकलेल्या असतात, तिथे जावं. मिशिगनमध्ये २१ वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही आणि वयाचा पुरावा पाहण्याची शिस्त कडक आहे. इतकी की सत्तरीच्या आजोबांनाही पासपोर्ट मागतात. रागावू नये, उलट खूश व्हावं!

रात्रीचं जेवण बेटावरच करायचं तर शेवटच्या लाँचची वेळ आधी पाहून ठेवावी. हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला ती लवकर सुटते. हॉटेलांत साडेपाच-सहालाच बसलं तर टेबल लगेच मिळतं. अमेरिकन माणसाची जेवणाची वेळ आपल्या संध्याकाळच्या चहाची असते. दुपारीही साडेअकराच्या आत किंवा अडीचनंतर जावं. मधल्या तीन तासांत दिवसभरासाठी आलेली सगळी गर्दी एकाच रस्त्यावर जेवत असते.

ऑक्टोबर संपला की फजच्या कढया घासून पालथ्या घातल्या जातात. ग्रँड हॉटेल बंद होतं. बहुतेक घोडे बोटीने मुख्य भूमीवरच्या कुरणांत जातात. कडाक्याच्या थंडीत सरोवर गोठलं तर बेटावरची माणसं बर्फावरून स्नोमोबिल घेऊन पलीकडे सेंट इग्नेसला सामान आणायला निघतात. वाट चुकू नये म्हणून नाताळ संपल्यावर घरातली ख्रिसमसची झाडं नेऊन बर्फात ओळीने रोवून ठेवतात. त्या दिवसांत गावात संध्याकाळी मस्टँग लाउंजचा दिवा तेवढा लागलेला असतो. आत टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं एकमेकांना नावाने ओळखतात, आणि मेन्यूकार्ड कुणी मागत नाही.